फुकट खुर्चीचा जमाखर्च

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात डेलाकॉर्ट नावाचं एक उघडं नाट्यगृह आहे. सुमारे अठराशे खुर्च्या, डोक्यावर छप्पर नाही, रंगमंचामागे एक छोटं तळं आणि त्याच्या काठी खडकावर उभी असलेली बेल्व्हेडिअर नावाची दगडी गढी. उन्हाळा आला की इथे शेक्सपिअरची नाटकं होतात. आत जायला तिकीट लागतं, पण त्याचे पैसे पडत नाहीत. १९६२ सालापासून हे असंच चाललं आहे. नाट्यगृह बांधण्याआधीची वर्षं धरली तर १९५६ पासून. ब्रॉडवेवर चांगल्या जागेसाठी शंभर-दीडशे डॉलर सहज मोजावे लागतात. त्याच शहरात मेरिल स्ट्रीप आणि केव्हिन क्लाइन फुकट बघायला मिळतात म्हटल्यावर व्यवहारी मराठी माणूस पहिला प्रश्न विचारतो: पैसे कोण देतं?

माझ्या मते या नाट्यगृहाचा खरा इतिहास म्हणजे या प्रश्नाचं उत्तर, एवढाच आहे. कुठलं नाटक कधी झालं, कोण नट कधी गाजला, याच्या याद्या हव्या तेवढ्या मिळतात. फुकट ठेवलेल्या खुर्चीची किंमत दर पिढीत कोणी मोजली आणि मोजणाऱ्यानं त्या बदल्यात काय मागितलं, हे मात्र एका ओळीत सापडत नाही.

उघड्यावरचं नाटक म्हटलं की लोक थेट ग्रीकांपर्यंत किंवा शेक्सपिअरच्या ग्लोब थिएटरपर्यंत जाऊन पोहोचतात. पण ग्लोबमध्ये काहीच फुकट नव्हतं. रंगमंचासमोर उभं राहून नाटक पाहायला एक पेनी पडायची, बसायचं असेल तर जास्त. शेक्सपिअर स्वतः कंपनीचा भागीदार होता, गल्ल्यातला त्याचा वाटा ठरलेला होता, आणि त्याच पैशातून त्यानं गावाकडे जमीनजुमला केला. आपली नाटकं कोणी फुकट दाखवतंय हे त्याला कळलं असतं तर त्यानं कपाळाला हात लावला असता. अमेरिकेत शोधलं तर सेंट लुईस शहरात १९१९ पासून चालत आलेलं ‘म्युनी’ नावाचं भलंमोठं उघडं नाट्यगृह सापडतं. तिथे अकरा हजारांच्या आसपास जागा, त्यातल्या मागच्या दीडेक हजार फुकट. म्हणजे मोफत प्रेक्षक शेवटच्या रांगेतला. डेलाकॉर्टचं कूळ या दोन्हींशी जुळत नाही. ते शोधायचं तर नाटकाच्या दुनियेबाहेर, ब्रुकलिनमधल्या एका गरीब ज्यू घरात जावं लागतं.

जोसेफ पापिरोव्स्की, पुढचा जोसेफ पॅप, १९२१ साली ब्रुकलिनच्या विल्यम्सबर्ग भागात जन्मला. आईबाप पूर्व युरोपातून आलेले, घरात यिडिश बोललं जायचं. बाप लाकडी पेट्या-ट्रंका बनवायचा. काम असलं तर असलं, नसलं तर नसलं. नाटकाचं तिकीट काढणं या घराच्या स्वप्नातही नव्हतं. पण शहरात दोन गोष्टी फुकट होत्या. एक म्हणजे सार्वजनिक वाचनालय, जिथे या पोरानं शेक्सपिअर वाचला. दुसरी म्हणजे प्रॉस्पेक्ट पार्कात होणारे बँडचे कार्यक्रम. बागेत जायचं, गवतावर बसायचं, संगीत ऐकायचं, घरी यायचं. तू कोणाचा, खिशात किती, असं कोणी विचारत नसे.

मोफत वाचनालयाची ही अमेरिकी कल्पना आपल्याकडेही बरीच आधी पोहोचली होती. सयाजीराव गायकवाडांनी तिकडची वाचनालयं पाहून १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बडोद्याला आणलं आणि संस्थानभर मोफत वाचनालयांचं जाळं विणलं. पुस्तक ही सगळ्यांच्या हक्काची गोष्ट आहे, तेव्हा तिचा खर्च राज्यानं उचलावा, एवढा सरळ हिशेब. पॅपनं हाच हिशेब नाटकाला लावला. वाचनालयातून ‘हॅम्लेट’ फुकट घरी नेता येतं, मग तेच रंगमंचावर फुकट का बघता येऊ नये, हा युक्तिवाद त्यानं आयुष्यभर केला. दिसायला भाबडा आहे, पण खोडून काढायला बसलं की घाम फुटतो.

दुसऱ्या महायुद्धात नौदलात असताना तो जहाजावर करमणुकीचे कार्यक्रम बसवायचा. युद्धानंतर सरकारी शिष्यवृत्तीवर हॉलिवुडमधल्या ॲक्टर्स लॅबमध्ये शिकला आणि शेवटी न्यूयॉर्कला येऊन सीबीएस टीव्हीत स्टेज मॅनेजरच्या नोकरीला लागला. १९५४ साली लोअर ईस्ट साइडमधल्या एका प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये त्यानं शेक्सपिअरची कार्यशाळा सुरू केली. ब्रॉन्क्समधल्या एका मोडीत निघालेल्या थिएटरचं सामान आणून चर्चमध्ये रंगमंच उभा केला. नटांना पगार नाही, प्रेक्षकाला तिकीट नाही. या पहिल्या टप्प्याचे पैसे कोणी भरले असतील तर नटांनी आपल्या फुकट श्रमातून आणि पॅपनं सीबीएसच्या पगारातून. हौशी नाटकवाल्यांना हे अर्थशास्त्र नव्यानं सांगायला नको.

१९५६ च्या उन्हाळ्यात नाटक उघड्यावर आलं. ईस्ट नदीच्या काठी, विल्यम्सबर्ग पुलाजवळ, महापालिकेनं १९४१ मध्ये बांधलेलं एक ॲम्फिथिएटर बेवारस पडलं होतं. पॅपनं ते मागितलं आणि बागखात्यानं दिलं. तिथे बसलं की समोर नदी, आणि पलीकडच्या काठावर तो स्वतः जन्मला ते विल्यम्सबर्ग. पहिलं नाटक ‘ज्युलियस सीझर’, दुसरं ‘टेमिंग ऑफ द श्रू’, म्हणजे वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी ज्याचं ‘त्राटिका’ केलं ते. प्रेक्षक आसपासच्या चाळवजा इमारतींमधले: ज्यू, इटालियन, पोर्टो रिकन. कित्येकांनी जन्मात नाटक पाहिलं नव्हतं. मांडीवर पोरं घेऊन आलेल्या बाया, कामावरून परस्पर आलेले पुरुष. नदीतून बोटी भोंगे वाजवत जायच्या आणि नट आवाज चढवायचे. सीझरला मारायला कट शिजतोय हे ज्यांना आधी माहीत नाही, अशा प्रेक्षकांपुढे ‘ज्युलियस सीझर’ करायला मिळणं हे नटाचं भाग्य. ब्रॉडवेच्या प्रेक्षकाला शेवट पाठ असतो.

पण भाग्यावर वीजबिल भागत नाही. पैसे संपले. पॅपला तेव्हा एकच मार्ग दिसत होता: न्यूयॉर्क टाइम्सचा समीक्षक ब्रुक्स ॲटकिन्सन. त्याचा शब्द म्हणजे न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर शेवटचा शब्द. पॅप टाइम्सच्या कचेरीत जाऊन ठाण मांडून बसला. अखेर ॲटकिन्सन ‘त्राटिका’ बघायला नदीकाठी आला. कॉलीन ड्यूहर्स्ट ही तेव्हा फारशी कोणाला माहीत नसलेली नटी कॅथरिनाचं काम करत होती. खेळ रंगात आला आणि पावसानं गाठलं. नाटक अर्ध्यावर बंद करावं लागलं. समीक्षकाला अर्धंच नाटक दाखवून घरी पाठवणं यापरती नामुष्की नाही, असं कोणालाही वाटलं असतं. झालं भलतंच. ॲटकिन्सननं जेवढं पाहिलं होतं त्यावर लिहिलं, आणि त्याहून जास्त प्रेक्षकांबद्दल लिहिलं. हे काम पैशाअभावी थांबू नये, असा त्याच्या लिखाणाचा रोख होता. मदत येऊ लागली. ‘माय फेअर लेडी’चा निर्माता हर्मन लेव्हिन यानंही हात दिला. ब्रॉडवेच्या तिकिटांचा पैसा फुकट शेक्सपिअरकडे वळल्याची ही पहिली नोंद. पुढे हा ओघ फार मोठा होणार होता.

१९५७ मध्ये नाटक ट्रकवर चढलं. मागे घडीचा रंगमंच जोडलेला, उलगडला की फळ्यांचा मंच तयार. शहराच्या पाचही भागांतल्या बागांतून ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ फिरलं. सेंट्रल पार्कात बेल्व्हेडिअरच्या तळ्याशी ट्रकनं दम सोडला आणि मंडळींनी तिथेच मुक्काम ठोकला, ही गोष्ट या नाट्यगृहाबद्दल बोलताना हमखास सांगितली जाते. ट्रक खरोखर किती बिघडला होता याच्या खोलात मी जात नाही. पाच भागांत रोज मंच उलगडायचा आणि गुंडाळायचा यापेक्षा तळ्याकाठची ती जागा बरी, असं कुठल्याही स्टेज मॅनेजरला वाटलं असतं.

जागाही साधी नव्हती. जवळच जे विस्तीर्ण हिरवळीचं मैदान आहे तिथे १८४२ पासून शहराला पाणी पुरवणारा प्रचंड जलाशय होता, सेंट्रल पार्कही नव्हतं तेव्हापासून. तो बांधताना यॉर्क हिल नावाची वस्ती उठवली गेली. तिथे कृष्णवर्णीय लोक राहत. पुढे पार्कासाठी शेजारची सेनेका व्हिलेज ही त्यांचीच वस्ती १८५७ मध्ये उठली. १९३० च्या सुमाराला जलाशय निकामी ठरून रिकामा करण्यात आला, आणि नेमकी तेव्हाच मंदी आली. कोरड्या पडलेल्या तळात बेघर झालेल्यांनी पत्र्या-फळ्यांच्या खोपट्या बांधल्या. त्या हटवून १९३७ पर्यंत हिरवळ झाली. एका कडेला उरलेलं पाणी म्हणजे डेलाकॉर्टमागचं तळं. म्हणजे पॅप तिथे यायच्या आधी तीनदा या भागातून लोकांना उठवून लावलं गेलं होतं. चौथ्यांदा उठवण्याचा प्रयत्न झाला तो त्याच्यावर.

पण त्याआधी १९५८ चा जून. कम्युनिस्ट शोधत हिंडणाऱ्या संसदीय समितीनं पॅपला बोलावलं. तरुणपणी तो डाव्या वर्तुळात होता. स्वतःच्या पक्षसदस्यत्वाबद्दल बोलायला आणि सोबत्यांची नावं सांगायला त्यानं नकार दिला. नाटकांतून प्रचार करता का, असंही विचारलं गेलं; त्यावर त्यानं ही नाटकं शेक्सपिअरची आहेत असं सांगितलं. सीबीएसनं त्याला लगोलग नोकरीवरून काढलं. तो लवादाकडे गेला आणि नोकरी परत मिळवली. त्या काळात हे फार थोड्यांना साधलं. पण डाग लागायचा तो लागलाच, आणि तो कोणाच्या तरी उपयोगी पडणार होता.

तो कोणी म्हणजे रॉबर्ट मोझेस. न्यूयॉर्कचा बागआयुक्त, पण त्या पदावरून त्याची ताकद कळत नाही. पूल, द्रुतगती रस्ते, पोहण्याचे तलाव, समुद्रकिनारे: चार दशकं शहराचा नकाशा या माणसानं आखला, आणि एकदाही निवडून न येता. रॉबर्ट कॅरोनं त्याच्यावर ‘द पॉवर ब्रोकर’ हा ठोकळ्याएवढा ग्रंथ लिहिला आहे. गंमत म्हणजे हाच मोझेस सुरुवातीला पॅपच्या बाजूचा होता. नदीकाठची जागा आणि सेंट्रल पार्क त्याच्याच खात्यानं दिलं होतं. मग १९५९ च्या वसंतात अचानक अट आली. प्रेक्षकांकडून एक ते दोन डॉलर तिकीट घ्या, त्यातला वाटा बागखात्याला द्या. नाहीतर परवाना नाही.

कारण दिलं ते गवताचं. लोक बसतात, गवत झिजतं, मातीची धूप होते, ते परत लावायला खर्च येतो. सरकारी कागदावर हे अगदी निर्दोष दिसतं. सार्वजनिक मैदानावर कार्यक्रम करू पाहणाऱ्या आपल्याकडच्या कुठल्याही मंडळाला असं पत्र ओळखीचं वाटेल. मोझेसच्या खात्यातला स्टुअर्ट कॉन्स्टेबल नावाचा अधिकारी या अटीमागे होता, आणि मोझेसनं आपल्या माणसाला तोंडघशी पाडायचं नाही म्हणून अट स्वतःची केली. मग हट्ट पेटला. पॅपच्या कम्युनिस्टपणाबद्दलचं एक निनावी पत्र मोझेसच्या कचेरीतून इकडेतिकडे फिरलं. महापौर वॅग्नर पॅपला चुचकारत होते, पण मोझेसच्या अंगावर जायची त्यांची छाती नव्हती.

इथे पॅपनं जे केलं त्यावर पुढचं सगळं उभं आहे. एक डॉलर ही काही मोठी रक्कम नव्हती. आलेल्या प्रेक्षकांपैकी बहुतेकांनी कुरकुरत का होईना, दिला असता. शिवाय ती मान्य केली असती तर पैशाची चणचणही मिटली असती. त्यानं साफ नकार दिला. त्याचं म्हणणं असं की तिकीट लागलं की माणूस दाराशी हिशेब करतो: बायको, तीन पोरं, पाच डॉलर, आणि हिशेब केला की घरी परत जातो. एक डॉलर म्हणजे प्रेक्षक बदलला, आणि प्रेक्षक बदलला की हे इतरांसारखंच एक नाट्यगृह झालं. तो कोर्टात गेला. खालच्या न्यायालयात हरला. जून १९५९ मध्ये अपिलात जिंकला. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं होतं: गवताच्या खर्चापोटी वाजवी रक्कम हवी तर मागा, पण लोकांकडून तिकीट घ्या अशी सक्ती मनमानीची आहे. म्हणजे गवताचे पैसे द्या, प्रेक्षकाला हात लावू नका. त्याच उन्हाळ्यात तळ्याकाठी ‘ज्युलियस सीझर’ झालं. एका हुकूमशहाला खाली ओढण्याचं नाटक नेमकं त्या वर्षी निवडणं हा योगायोग होता असं मला वाटत नाही.

मोझेस तीन वर्षांपूर्वीही याच पार्कात हरला होता. १९५६ मध्ये एका हॉटेलच्या गाड्या ठेवायला त्यानं मुलांच्या खेळायच्या जागेवर बुलडोझर पाठवले, आणि बाबागाड्या घेऊन आया आडव्या आल्या. त्या लढाईनंतर वर्तमानपत्रांना त्याच्यातला खलनायक दिसायला लागला होता. पॅपला त्याचा फायदा मिळाला. आणि मोझेस मोठा चमत्कारिक माणूस: हरल्यावर त्यानंच शहराकडे या नाटकवाल्यांसाठी कायमचं नाट्यगृह बांधायला पैसे मागितले. १९६० मध्ये त्यानं बागखातं सोडलं. नाट्यगृह झालं.

शहराचे पैसे पुरले नाहीत. उरलेले दीड लाख डॉलर जॉर्ज डेलाकॉर्टनं दिले, म्हणून त्याचं नाव. डेल प्रकाशनाचा हा मालक. कॉमिक्स, शब्दकोड्यांची पुस्तकं, स्वस्त पेपरबॅक, प्रेमकथांची मासिकं, यावर त्यानं गडगंज कमावलं. रेल्वे स्टेशनवरच्या स्टॉलवर पडणारी नाणी गोळा होऊन शेक्सपिअरच्या रंगमंचाखाली पाया म्हणून गेली, असं म्हणायला हरकत नाही. मला हे डेलाकॉर्टबद्दलचं सर्वांत आवडतं सत्य आहे. पार्कातल्या ‘ॲलिस इन वंडरलँड’च्या शिल्पाचा पैसाही त्याचाच.

एल्डन एल्डरनं आराखडा केलेलं हे लाकडी नाट्यगृह १८ जून १९६२ ला ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’नं उघडलं. जॉर्ज सी. स्कॉट शायलॉक, जेम्स अर्ल जोन्स मोरोक्कोचा राजपुत्र. प्रयोग टीव्हीवर दाखवायचं ठरलं तेव्हा शहरातल्या रब्बींच्या मंडळानं हरकत घेतली: लोभी ज्यू सावकाराचं हे चित्र घराघरांत कशाला? यिडिश बोलणाऱ्या घरातला पॅप मागे हटला नाही. पडदा उघडायच्या आधीच त्याला कळून चुकलं असेल: ज्या नाट्यगृहाचे मालक सगळेच, त्याच्याकडे तक्रार करायचा हक्कही सगळ्यांना.

त्यानं रंगमंच प्रेक्षकांसारखा केला, ही त्याची दुसरी मोठी गोष्ट. १९६४ मध्ये जोन्स इथे ऑथेल्लो झाला. ऑथेल्लो कृष्णवर्णीयानंच करावा यात नवल नाही. १९७३ मध्ये तोच जोन्स लिअर झाला आणि पोर्टो रिकोहून आलेला राऊल हूलिया एडमंड. गोऱ्या राजाच्या भूमिकेला काळा नट चालतो का, ही चर्चा बाकीच्या अमेरिकेत पुढे अनेक वर्षं चालली. इथे तो चालून झाला होता. १९७८ मध्ये हूलिया आणि स्ट्रीप यांची ‘त्राटिका’ रंगली.

आता दुसरी बाजू. १९६४ मध्ये फिरता ट्रक पुन्हा सुरू झाला, स्पॅनिश नाटकांसकट. काही वस्त्यांत त्याचं स्वागत पोरांनी दगड आणि अंड्यांनी केलं. फुकट दिलं म्हणजे ते हवंच असतं असं नाही. दारात येऊन कोणी संस्कृती वाढायला लागलं की घरच्या माणसाला राग येऊ शकतो. पॅपनं ट्रक थांबवला नाही, आणि मला तो बरोबर वाटतो, पण त्या पोरांचं वागणं निव्वळ गुंडगिरी म्हणून झटकून टाकणंही मला जमत नाही.

वाचनालयाचा धागा १९६७ मध्ये शब्दशः हाती लागला. लाफायेट स्ट्रीटवरची ॲस्टर लायब्ररी ही शहरातली सर्वांना खुली असलेली जुनी ग्रंथसंस्था, १८५४ मध्ये उघडलेली. पुस्तकं पुढे नव्या सार्वजनिक ग्रंथालयात गेली आणि इमारत १९२० पासून ज्यू स्थलांतरितांना मदत करणाऱ्या संस्थेकडे होती. बोटीवरून उतरलेल्यांना तिथे खाट आणि जेवण मिळायचं. साठच्या दशकात ती पाडायची वेळ आली. पॅपनं ती घेतली, आत नाट्यगृहं काढली आणि ‘हेअर’ या संगीत नाटकानं उद्घाटन केलं. हे झालं पब्लिक थिएटर, डेलाकॉर्टचं हिवाळी घर. पुढे शहरानं इमारत विकत घेऊन वर्षाला एक डॉलर भाड्यानं त्यालाच दिली. एक डॉलर तिकिटाला नाही म्हणणाऱ्या माणसाला शहरानं एक डॉलर भाडं लावलं.

पण वाचनालयाला कराचा पैसा दरवर्षी ठरलेला मिळतो. पॅपच्या नाट्यगृहाला तसा कधीच मिळाला नाही. शहर थोडं द्यायचं, बाकी तोंडमिळवणी. १९७५ मध्ये तर न्यूयॉर्क दिवाळखोरीच्या दारात उभं होतं. त्याच वर्षी पब्लिकमध्ये मायकल बेनेटनं नर्तकांच्या रात्ररात्रभरच्या गप्पा ध्वनिमुद्रित करून त्यातून ‘अ कोरस लाइन’ उभं केलं. काम मिळावं म्हणून एका पांढऱ्या रेषेवर उभे राहिलेले मागच्या रांगेतले नाचे, एवढंच कथानक. जुलैमध्ये ते ब्रॉडवेवर गेलं आणि १९९० पर्यंत चाललं, ६१३७ प्रयोग. त्याचा नफा पॅपच्या संस्थेचा. पंधरा वर्षं सेंट्रल पार्कातल्या फुकट खुर्चीचं भाडं ब्रॉडवेवर पूर्ण दरानं तिकीट काढणाऱ्या पर्यटकानं भरलं, त्याला कल्पनाही नसताना. या सगळ्या जमाखर्चातली मला ही सर्वांत देखणी नोंद वाटते. कोणी उपकार केला नाही, कोणी अट घातली नाही. एप्रिल १९९० मध्ये ते नाटक उतरलं आणि पुढच्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी पॅप गेला.

त्यानंतरची मदार देणगीदार, बँका, विमान कंपन्या यांच्यावर. आणि प्रेक्षकांकडून पैशाऐवजी वेळ घेतला जाऊ लागला. रांगेचं वर्णन केल्याशिवाय डेलाकॉर्ट कळत नाही. तिकिटं दुपारी बारा वाजता वाटतात, माणशी दोन. नावाजलेला नट असला की लोक आदल्या रात्रीच येतात. पण पार्क रात्री एक ते सकाळी सहा बंद, म्हणून रांग बाहेर, ८१ व्या रस्त्याच्या तोंडाशी फुटपाथवर लागते. चटया, घडीच्या खुर्च्या, उशा. सहा वाजता कर्मचारी रांग न मोडता सगळ्यांना आत नेतात आणि ती बागेतल्या वाटेवर वळसे घेत पसरते. आसपासची हॉटेलं रांगेत नाश्ता आणून देतात. कोणासाठी जागा धरून ठेवायची नाही, हा नियम. तो मोडू बघणाऱ्याला शेजारचेच गप्प करतात.

सात-आठ तास रांगेत बसायला सवड कोणाला असते? विद्यार्थी, निवृत्त, सुट्टीवर असलेले. दोन पाळ्यांत राबणाऱ्या आयाबायांना नाही. म्हणजे डॉलरनं जो प्रेक्षक गाळला जाईल अशी पॅपला भीती होती, तो घड्याळानं गाळला जाऊ लागला. ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांनी भाड्यानं रांगेत माणसं बसवली. इंटरनेटवर फुकट तिकिटं चढ्या भावानं विकायला आली. ब्लॅकनं तिकीट आपल्याकडे हाउसफुल सिनेमाचं मिळायचं; मोफत तिकिटाचा काळा बाजार हा न्यूयॉर्कचा स्वतःचा शोध. २०१० मध्ये राज्याचे महाधिवक्ता अँड्र्यू क्युओमो यांना विक्रेत्यांना तंबी द्यावी लागली. शिवाय संस्थेला भरघोस देणगी दिली की राखीव जागा मिळते. हे मला खटकतं. हिशेबाची वही मात्र सांगते की त्या जागा नसत्या तर बाकीच्या फुकट जागाही राहिल्या नसत्या.

देणगीदाराची अट २०१७ मध्ये उघडी पडली. ‘ज्युलियस सीझर’च केलं होतं, आणि सीझर केला होता ट्रम्पसारखा: तोच सूट, तोच लांब टाय. सिनेटमध्ये त्याला भोसकतात तेव्हा दिसायला ते भयंकर दिसायचं. डेल्टा एअरलाइन्सनं पाठिंबा काढून घेतला, बँक ऑफ अमेरिकानं त्या नाटकापुरता हात आखडला. निदर्शकांनी एका प्रयोगात रंगमंचावर धाव घेतली. ब्रूटसनं सीझरला मारून रोमचं भलं झालं नाही, उलट सगळं हातातून गेलं, हे नाटकाच्या उत्तरार्धात येतं. पण तिथवर थांबून बघण्याइतका धीर ओरडणाऱ्यांना नव्हता. प्रयोग ठरल्या तारखेपर्यंत झाले.

हे लाकडी नाट्यगृह साठ वर्षं पाऊस, बर्फ आणि रंगमंचाखाली बिऱ्हाड करणाऱ्या रकूनांना तोंड देऊन खिळखिळं झालं होतं. रकून हे मांजराहून थोरलं, डोळ्यांवर काळा पट्टा असलेलं जनावर. ऐन प्रसंगात ते शांतपणे मंच ओलांडून जातं आणि त्या दिवशीच्या नटाला त्याच्याशी स्पर्धा करावी लागते. २०२३ चा उन्हाळी हंगाम झाल्यावर नाट्यगृह बंद करून दुरुस्तीला काढलं. खर्च साडेआठ कोटी डॉलर, त्यातला मोठा वाटा शहराचा. बाहेरच्या भिंतींना लावलेलं लाकूड न्यूयॉर्कच्या गच्च्यांवरच्या निकामी झालेल्या पाण्याच्या टाक्यांचं आहे. अपंगांना आत येणं आणि नटांना पडद्यामागे वावरणं सोपं झालं. छप्पर अजूनही नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये ‘ट्वेल्फ्थ नाइट’नं ते पुन्हा उघडलं, ताटातूट झालेल्या जुळ्या भावंडांच्या भूमिकेत लुपिता न्योंगो आणि तिचा सख्खा धाकटा भाऊ.

रांग आहेच, पण आता फोनवर सोडतही निघते आणि शहराच्या इतर भागांत जाऊनही तिकिटं वाटली जातात. नदीकाठचं ते पहिलं ॲम्फिथिएटर मात्र पूरसंरक्षक बंधाऱ्याच्या कामात पाडलं गेलं. ट्रकचा वारसा २०१० मध्ये पुन्हा उभा केलेल्या फिरत्या पथकाकडे आहे. मोजके नट, थोडे कपडे, सामान एका गाडीत मावेल एवढंच. ते बेघरांच्या निवाऱ्यांत जातात, तुरुंगांत जातात, वस्त्यांमधल्या वाचनालयांत जातात, आणि जिथे जातात तिथल्या खुर्च्या गोल मांडून मधे नाटक करतात.